ढगाबाहेरचा बदल

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये बदल केला की त्या जागेभोवती ढग काढायचा, शेजारी त्रिकोणात रिव्हिजनचं अक्षर टाकायचं आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात काय बदललं ते लिहायचं, असा रिवाज आहे. अक्षरांबाबत तर केवढं सोवळं! अमेरिकी मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं वर्ज्य. न जाणो, कुणी ओ-ला शून्य वाचलं तर? इतक्या काळजीनं निवडलेल्या अक्षरासमोर मग लिहिलेलं काय असतं? ‘जनरल अपडेट’.

भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये हे जनरल अपडेट पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतं. खाली ‘रेव्ह डी, अर्जंट’. ढग असतो तो टायटल ब्लॉकवर, कारण कंपनीचा लोगो बदललाय. खरा बदल बिनढगाचा: २५ मिमीच्या बोअरपुढे एच७ होतं, तिथे आता एच६. एका आकड्याचा फरक, पण टॉलरन्स २१ मायक्रॉनवरून १३ वर आला. कालपर्यंत रीमर मारून भागत होतं, आता होनिंग करा. दर मात्र रेव्ह सी-चाच, कारण पर्चेस ऑर्डरच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘लेटेस्ट रिव्हिजन लागू’ असतंच. ज्याच्या नजरेतून सहा सुटला त्याला डेबिट नोट. ज्याच्या हातून ढग सुटला तो ‘चेक्ड बाय’च्या चौकटीत दोन इनिशियल्स होऊन सुखात बसलेला.

आता सॉफ्टवेअर आहे ना, असं म्हणणारे भेटतात. आहे. ऑटोकॅड २०१९ पासून दोन ड्रॉइंगची तुलना करून देतं. जुनं एका रंगात, नवं दुसऱ्या. फक्त डिझायनरनं अख्खा व्ह्यू जरा डावीकडे सरकवला की शीटची रंगपंचमी होते, मग त्यात तुमचा सहा शोधा. शिवाय मूळ फाइल कस्टमर देईल तर ना! ती गोपनीय. म्हणून दोन प्रिंट एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावणं अजून चालू आहे.

तरी अक्षर बदलतात, हे उपकारच म्हणायचे. खूण अजिबातच न बदलली तर काय होतं ते पाहा. जनरल मोटर्सच्या शेवरोले कोबाल्टसारख्या गाड्यांत इग्निशन स्विच इतका सैल होता की चालत्या गाडीत किल्ली सरकून इंजिन बंद पडे आणि ऐन धडकेत एअरबॅग उघडत नसे. एप्रिल २००६ मध्ये एका इंजिनिअरनं दुरुस्ती मंजूर केली: आतला प्लंजर आणि स्प्रिंग थोडे लांब. दुरुस्ती उत्तम. पार्ट नंबर मात्र जुनाच ठेवला. पुढे नव्या गाड्यांत तक्रार दिसेना, तेव्हा कंपनीचेच तपासनीस चक्रावले. नंबर एक म्हणजे स्विच एक, असा त्यांचा हिशेब. फरक उघड झाला २०१३ साली, तोही बाहेरच्या माणसाकडून. कोबाल्टच्या अपघातात गेलेल्या एका तरुणीच्या घरच्यांच्या वकिलानं नेमलेल्या तज्ज्ञानं दोन स्विच उघडून मापं घेतली. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

नवा नंबर पडला असता, तर आधीच्या स्विचमध्ये काय खोट होती, असं कुणीतरी २००६ मध्येच विचारलं असतं. तेवढी एक चौकशी वाचली.