रिटर्न पंप महाशयांस खुले पत्र

श्री. रिटर्न पंप यांस,
मुक्काम फिशटँकखालचं कपाट, यवतमाळ.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या पराक्रमाने हॉलमधली सतरंजी तिसऱ्यांदा उन्हात वाळत पडली आहे. आपल्या खोक्यावर ‘४,००० लिटर प्रति तास’ असं ठळक छापलेलं आहे, आणि दुकानातही आपलीच आरती झाली होती. “भाऊ, हाच घ्या, पहा कसं उसळते पाणी!” टँकला पाडलेल्या भोकातून खाली उतरणाऱ्या ड्रेन पाइपची चौकशी मात्र कोणी केली नाही. उरलेला पाऊण इंची तुकडा आणि एक रेड्यूसर एवढ्यावर त्याची बोळवण झाली.

आपल्या खोक्यावर दुसराही एक आकडा आहे, जरा बारीक अक्षरात: ‘कमाल उंची ३ मीटर’. तीन मीटरवर आपण ४,००० लिटर देता, असा मालकाचा भाबडा समज आहे. खरं तर तीन मीटरवर आपण शून्य देता. आणि ४,००० देता ते उंचीच नसेल तेव्हा, म्हणजे बादलीतलं पाणी बादलीतच फिरवताना. आपण बसता त्या खालच्या टाकीतून, म्हणजे सम्पमधून, टँकच्या काठापर्यंत सव्वा मीटरची चढण असते. तेवढ्यात आपला ऐवज साधारण २,००० ते २,४०० लिटरवर येतो. वाटेतला प्रत्येक काटकोनी एल्बो आपली आणखी दमछाक करतो. इंची पाइपातला असा एक एल्बो म्हणजे जवळपास अडीच फूट सरळ पाइपाचा अडथळा. मालकाने चार बसवलेत, कारण पाइप भिंतीला चिकटून गेला की छान दिसतो.

त्यात चार फुटी टँक, १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरला तरी २४३ लिटर. गोड्या पाण्यातल्या माशांना ताशी पाचेक वेळा पाणी फिरलं तरी पुरे. हिशेब १,२०० लिटरच्या आसपास जातो. गोल्डफिशला पुराच्या वेगाशी झुंजायची हौस नसते. ती हौस मालकाची.

आता ड्रेनकडे वळू, कारण भांडण तिथेच आहे. ‘ड्रेन पंपाइतकी हवी’ असं म्हणणारे अर्धंच सांगतात. ड्रेन स्वतःहून काही ओढत नाही. आपण जेवढं वर फेकाल तेवढंच तिच्या वाट्याला येतं. तिच्याकडे जागा मात्र आपल्या जोरापेक्षा जास्त हवी. पाइपाचा व्यास दुप्पट केला की आतली जागा चौपट होते. अर्ध्या इंचाचा पाइप एक इंची झाला की फरक कोणालाही कळतो. आणि टँक निपल कितीही मोठं बसवा, पुढे रेड्यूसर लावला की चालतो हिशेब रेड्यूसरचाच.

तिचा आवाजही मालकाने ऐकलेला आहे. पाइपात थोडं पाणी आणि थोडी हवा एकत्र उतरू लागली की गुडगुड सुरू होते, मग एकदम सगळं ओढलं जातं, मग पुन्हा गुडगुड. रात्रभर कोणी फ्लश ओढतंय असं पाहुण्यांना वाटतं. रिचर्ड डुर्सो नावाच्या अमेरिकी हौशी माणसाने यावर उभ्या पाइपाला वाकडं तोंड आणि वर हवेचं बारीक छिद्र देऊन बऱ्यापैकी शांतता आणली. पुढे तीन पाइपांची पद्धत आली: एक पूर्ण भरून वाहणारा आणि गेट व्हॉल्व्हने जुळवलेला, दुसऱ्यात झुळझुळतं थोडंसं पाणी, आणि तिसरा कोरडा, फक्त संकटासाठी. तिसरा पाइप बसवताना मालक म्हणाले, “हा काऊन? याच्यातून तर काही जातच नाही.” आणि तो रद्द झाला. धरणाच्या सांडव्यातूनही वर्षातले बरेच दिवस काही जात नाही, पण तो कोणी बुजवून टाकत नाही.

मग एके रात्री व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं एक पान ड्रेनच्या तोंडावर जाऊन बसलं. आपण इमानेइतबारे ढकलत राहिलात. टँकच्या काठाशी तीन सेंटिमीटर मोकळी जागा होती, म्हणजे सोळा लिटर. सम्पमधल्या आपल्या कप्प्यात पंचवीस लिटर. उरलेले नऊ लिटर सतरंजीवर.

आणि लाइट गेली की? भारनियमनाच्या गावात हा प्रश्न पंचांगाइतका नित्याचा. आपण थांबता, पण आपला पाइप थांबत नाही. त्याचं तोंड टँकच्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडालेलं असेल तर तेवढं पाणी उलट खाली येतं. एका सेंटिमीटरला ५.४ लिटर, पाचला २७. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवलेली नसेल तर ते जमिनीवर जाणार. पाण्याच्या पातळीलगत पाइपाला एक बारीक भोक पाडलं तर हवा शिरून ही उतरण तुटते. त्या भोकात शेवाळ बसतं, ते अधूनमधून टाचणीने साफ करावं लागतं, आणि ते कोणी करत नाही.

दाबाखालचं पाणी काय करतं हे यवतमाळला कोणी शिकवायला नको. मार्च २०२३ मध्ये शहरात रस्त्याखालची पाइपलाइन फुटली, डांबर फुगून दुभंगलं, पाण्याचा लोंढा उसळला आणि स्कूटीवरून जाणारी एक महिला जखमी झाली. ते दृश्य कॅमेऱ्यात सापडलं आणि देशभर फिरलं. याच शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटताना पाहिली, टँकरच्या रांगेत रात्री काढल्या. अशा गावात नऊ लिटर पाणी सतरंजीवर सांडतं तेव्हा शेजारीण ‘मासे बरे आहेत ना’ असं विचारत नाही. ती बादलीचा हिशेब करते.

तेव्हा महाशय, आपल्या मालकाला एवढं कळवावं: आपल्या पाइपावर एक व्हॉल्व्ह बसवून आपला आवेश थोडा कमी करा किंवा लहान पंप आणा, ड्रेन दीड इंची करा, आणि तो कोरडा तिसरा पाइप परत बसवा. मग भरल्या टँकवर मेन स्विच बंद करून पाहा, सम्प कुठपर्यंत भरतो तिथे पेनाने खूण करा, पुन्हा चालू करा. असं पाच वेळा. शेवटी ड्रेनच्या तोंडावर हाताचा पंजा ठेवून कप्पा रिकामा होईपर्यंत उभे राहा. सतरंजी आधी उचलून ठेवा.

आपला,
ड्रेन पाइपाचा एक हितचिंतक