ओट्यासकट समुद्र

बेंगळुरूत सगळं मिळतं, समुद्र तेवढा नाही. एरवी तळ्यांवर समाधान मानणारे आम्ही मराठी लोक म्हणून मे महिन्याच्या सुमाराला मोबाईलवर घरं धुंडाळू लागतो. गोकर्ण, मालपे, कारवार. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे जे काय करायचं ते त्याआधी. खोली नको, अख्खं घर हवं आणि त्यात स्वयंपाकघर हवंच. रोज रोज हॉटेलात कोण खाणार, हे सांगायचं कारण; सासूबाईंना पहाटे साडेपाचला चहा लागतो, हे खरं.

"अगं, सगळे मिळून करू स्वयंपाक," नवरा म्हणतो. मनापासून म्हणतो बिचारा. लाइटर शोधून देण्याचं काम तो दर वेळी चोख करतो.

जाहिरातीत समुद्राचे फोटो ढीगभर असतात. ओट्याचा एकच, आणि तोही खिडकीतल्या माडाचा. त्यामुळे मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं, कोकम, सगळं बरोबर घ्यावं लागतं. पंचगंगा एक्स्प्रेसमधल्या शेजाऱ्यांना वाटतं, यांची बदली झाली.

कारवारच्या त्या घरात वाइनचे सहा ग्लास होते आणि डाव एक. सुरीनं टोमॅटो कापला जात नव्हता, चेपला जात होता. कुकर होता, शिट्टी नव्हती. आणि भिंतीवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, इंग्रजीत चिकटवलेली सूचना: घरात मासे तळू नयेत! देखरेखीला असलेल्या बाईंनी ती वाचलेली नसावी. त्यांनी आल्या आल्या कोकणीत सांगितलं, बांगडे तळताना मागचं दार उघडं ठेवा, वास जातो.

याच कारवारात थोरले भाऊ सत्येंद्रनाथ न्यायाधीश असताना विशीतले रवींद्रनाथ येऊन राहिले आणि नाटक लिहून गेले. किनाऱ्याला आता त्यांचं नाव आहे. कुकरला शिट्टी नाही म्हणून त्यांचा एखादा अंक अडला असेल, असं वाटत नाही.

सासूबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून खुलल्या. बेंगळुरूत भाजीवाल्याशी अर्ध्या कन्नडमध्ये घासाघीस करताना त्यांचा निम्मा जोर वाया जातो. इथे कोळीण कोकणीत, या मराठीत, आणि दोघींचं भांडण स्वच्छ ऐकू येत होतं. तारल्यांवर दोन बांगडे वर मिळाले. चहाही इथे जास्त चांगला होतो, असं त्यांनी जाहीर केलं. बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर. तिथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं, इथे पुरतं १०० पर्यंत तापतं. नवऱ्यानं हे समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, दूध चांगलंय इथलं."

मला विचाराल तर हॉटेलच्या गच्चीतून समुद्र बघताना आपण पाहुणेच राहतो. इथे कोथिंबीर निवडता निवडता मध्येच मान वर करायची, भरती कुठवर आली बघायचं, पुन्हा खाली. दोन दिवसांत त्याची सवय होते, आणि मग शेजारणीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं जातं. रजा स्वयंपाकात गेली हे खरंच. पण घाई नव्हती, डबा भरायचा नव्हता.

परतल्यावर मालकाचा मेसेज आला, अभिप्राय कळवा. सासूबाई सांगत गेल्या, मी टाइप करत गेले: विळी ठेवा. कुकरची शिट्टी आणा. मिठाच्या बरणीला झाकण बघा.

"आणि समुद्राबद्दल काय लिहू?"

"त्याला काय झालंय? तो ठीक आहे."