परत येण्याचा पुरावा

आइसलँडच्या सहलीचा बेत करणाऱ्या मुलुंडकराने प्रथम थंडीची, मग खर्चाची आणि अखेरीस शाकाहाराची चिंता करावी, असा जो समज रंगीत माहितीपुस्तिका चाळणाऱ्या वर्गात रूढ आहे, तो सर्वथा चुकीचा आहे. थंडीवर लोकरीचा उपाय आहे, खर्चावर मुदतठेव मोडण्याचा आहे आणि शाकाहारावर थेपल्यांचा आहे. परंतु ज्या एका गोष्टीवर अद्याप कोणासही उपाय सापडलेला नाही, ती म्हणजे आठ दिवस धबधबे पाहून झाल्यावर आपण मुलुंडास खरोखरच परत येऊ, हे सिद्ध करून दाखवणे. अर्जदार मुदत संपण्यापूर्वी यजमानांचा मुलूख सोडून जाईल किंवा कसे, हे ताडण्यासाठी कोणते कागद तपासावेत याची यादीच 2009 सालच्या युरोपीय व्हिसा-संहितेच्या परिशिष्टात दिलेली आहे : परतीचे तिकीट, द्रव्यबळ, नोकरी, स्थावर मिळकत आणि कौटुंबिक पाश. आमचे एक स्नेही, सेवानिवृत्त, दोन्ही गुडघ्यांनी अधू, हल्ली या पंचविध पुराव्याच्या मागे लागले आहेत, आणि अर्जासोबतच्या निवेदनाचा मसुदा करण्याची कामगिरी त्यांनी आमच्याकडे सोपवली आहे.

प्रथमदर्शनी त्या देशाची ही शंका हास्यास्पद वाटते. पण आकडे पाहिले म्हणजे तीत तथ्य दिसू लागते. 2011 च्या जनगणनेत मुलुंडच्या एका टी विभागात सुमारे 3 लाख 41 हजार माणसे मोजली गेली. त्याच वर्षी आइसलँड या अखिल राष्ट्राची लोकसंख्या सुमारे 3 लाख 18 हजार होती, आणि तेवढ्या माणसांस राहावयास सुमारे 1 लाख 3 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश भूमी मोकळी पडलेली होती. इतकी रिकामी जमीन आणि तिजवर एकही टॉवर नाही, हे दृश्य ज्याचे बालपण चटईक्षेत्राच्या चर्चेत गेले अशा मनुष्याने पाहिले तर त्याच्या मनात काय येईल, हे तेथील सरकारने ओळखले असावे. उद्या सहलीची एक बस तेथे उतरली आणि परत निघालीच नाही, तर पहिल्या महिन्यात सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी होईल, दुसऱ्यात गाड्या लावण्याच्या जागेवरून तंटा उद्भवेल, तिसऱ्यात लाव्ह्याच्या पठारावर मंडपाचे बांबू रोवले जातील, आणि थिंगवेत्लिरच्या ज्या दरीत इसवी सन 930 मध्ये त्या लोकांची पहिली लोकसभा भरली, त्याच दरीत आमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा भरेल. तेव्हा खबरदारी घेणे इष्टच.

पुरावे गोळा होऊ लागले. तिकीट निघाले, बँकेचे उतारे शिक्क्यानिशी मिळाले. नोकरीच्या रकान्यात मात्र ‘सेवानिवृत्त’ लिहावे लागले, आणि ज्याची रजा मंजूर करणारा कोणी साहेब नाही, त्याच्या पुनरागमनाची ग्वाही देणारही कोणी नाही. कौटुंबिक पाशांची तर गोष्टच नको : मुलगा टोरोंटोस, मुलगी स्टुटगार्टास, पत्नी सोबत निघालेली, म्हणजे पाश होते ते सगळे विमानतळाच्या पलीकडेच. अखेर आम्ही सुचवले की संगमेश्वरच्या सामाईक जमिनीबाबत चुलत बंधूंशी जो दावा चालू आहे, त्याची तारखेची नोटीस जोडावी. कारण भाऊबंदकीच्या तारखेस हजर राहण्यासाठी मराठी मनुष्य ध्रुवावरूनही परत येईल.

त्याखेरीज, तेथे लोभ पडावा असे आमच्या स्नेह्यांस काहीच नाही, असा एक मुद्दा आम्ही मसुद्यात आग्रहाने घातला आहे. रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर बेसाल्टचे जे उभे खांब पाहण्यास जग जाते, त्याच जातीचे खांब अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट टेकडीच्या रूपाने सुमारे 61 मीटर उंच उभे आहेत, त्यांचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या पुढे आहे, आणि स्नेह्यांचे साडू त्यांच्या पायथ्याशी पंचवीस वर्षे राहून एकदाही वर गेलेले नाहीत. (खाणवाल्यांनी भोवतालचा डोंगर फोडून नेला आणि एवढा सुळका ठेवला, हेही एका परीने दुर्मिळ दृश्यच.) गंधकाचा वास येणारे उष्णोदक हवे, तर वज्रेश्वरीस तानसेच्या काठी ते उपलब्ध आहे. राहिला आकाशातला हिरवा प्रकाश. आमच्या उपनगरात मान वर करावी तिकडे बांधकामावरची हिरवी जाळी दिसते.

आता स्थावर मिळकत. ती आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. संस्थेचे भागपत्र आहे, पन्नास रुपयांचे पाच भाग, खाली तीन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, पैकी दोघे कैलासवासी. परंतु ज्या सदनिकेचे हे भागपत्र, ती पुनर्विकासासाठी जमीनदोस्त होऊन सहा वर्षे लोटली, आणि तिच्या जागी पत्र्याच्या कुंपणाआड एक खड्डा असून जून ते ऑक्टोबर त्यात बेडूक राहतात. छत्तीस महिन्यांत घर परत मिळेल असे करारनाम्यात लिहिले होते. करारनामा नोंदणीकृत आहे, त्यास मुद्रांकशुल्क भरलेले आहे, बँक हमीचे कलम त्यात ठळक अक्षरांत आहे, आणि भाड्याचे धनादेश तिसऱ्या वर्षी यावयाचे थांबले. आम्ही विचारतो, आठ दिवसांच्या पाहुण्याकडे परत जाण्याचा पुरावा मागणारे हे जग, दुसऱ्याचे अख्खे घर घेऊन जाणाऱ्याकडे ते परत देण्याचा पुरावा का मागत नाही? त्याच्या बँकेचे उतारे संस्थेच्या सभेत कोणी पाहिले होते? सभेत त्याने समोसे दिले, प्रतिकृतीवर पिवळा दिवा लावला, बाराव्या मजल्यावर तरणतलाव दाखवला, आणि ज्या सभासदांनी आयुष्यभर भाजीवाल्याकडून पाच रुपयांची मोड मोजून घेतली, त्यांनी छप्पर काढून त्याच्या हाती दिले. ज्यांनी तेव्हा शंका काढली, त्यांस विकासविरोधी म्हणून गप्प बसवण्यात आले. त्यांतले दोघे कळव्याच्या भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या घराचा उंबरठा पुन्हा न ओलांडता, वारले. आमचे तर असे मत झाले आहे की त्या दूरस्थ राष्ट्राचा एखादा व्हिसा-अधिकारी, तोच तो शंकेखोर, चष्म्यावरून पाहणारा, मुलुंडच्या प्रत्येक पाडकामाच्या आदल्या दिवशी येथे खुर्ची टाकून बसवावा. त्याने विकासकास विचारावे : द्रव्यबळ काय? मागील इमारत मुदतीत परत केली होती काय? येथे आपले पाश कोणते? आणि उत्तरे ऐकून, तिकडच्या छापील नमुन्यात असते तसलेच एक कारण त्याच्या अर्जावर शेरा म्हणून मारावे : घेतलेली वस्तू मुदतीत परत करण्याच्या आपल्या इराद्याविषयी वाजवी संशय आहे, सबब नामंजूर.

तूर्त खड्ड्याचे छायाचित्र परिशिष्ट म्हणून जोडले आहे, कारण आमच्या मते पुराव्यांत तोच सर्वांत सबळ : ज्याचे घर खड्ड्यात आहे, तो त्या खड्ड्यावर नजर ठेवण्यासाठी परत आल्यावाचून राहील कसा?

विम्याचे कलम शेवटी आले. तो किमान 30 हजार युरोंचा हवा, आणि अर्जदार तिकडे मरण पावल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च त्यात अंतर्भूत हवा. म्हणजे जिवंतपणी कागदावर विश्वास नाही, पण मृताच्या परतीची तजवीज चोख. स्नेह्यांनी ते कलम दोनदा वाचले आणि विचारले, “पण आणणार कोणत्या पत्त्यावर?” कायमच्या पत्त्याच्या रकान्यात आम्ही इमारतीचे जुने नाव घातले व पुढे कंसात ‘नियोजित’ असे लिहिले. फी 90 युरो. अर्ज नामंजूर झाल्यास ती परत मिळत नाही, असे खिडकीपलीकडच्या मुलीने अदबीने सांगितले, तेव्हा स्नेह्यांनी हात जोडले.

“ताई,” ते म्हणाले, “तुम्ही निदान आधी सांगितलंत.”