हात वर

मराठीत ‘हात वर करणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ जबाबदारी झटकणे असा होतो, तर अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाच्या व्यासपीठावर त्याच कृतीचा अर्थ जबाबदारी पत्करणे असा मानला जातो. आणि या दोन अर्थांमधले अंतर पुष्कळदा एका निवडणुकीच्या हंगामाएवढेच असते, हे त्या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांचा गेल्या काही दशकांचा इतिहास चाळणाऱ्याच्या सहज लक्षात येते. उमेदवारीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या आठ-दहा जणांना एका ओळीत उभे करून, शाळेतल्या वर्गाप्रमाणे ‘अमुक गोष्ट ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा’ असे फर्मावण्याची प्रथा तिथल्या दूरचित्रवाणीवरील वादसभांनी रूढ केली, आणि तिच्यामुळे अभ्यासकांची मोठीच सोय झाली आहे, कारण भाषणातून भूमिका शोधून काढावी लागते, हात मात्र मोजता येतात.

या प्रथेमागची व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. अमेरिकेत एबी फॉर्म नसतो आणि पक्षश्रेष्ठींच्या बंगल्यावर मध्यरात्री नाव ठरत नाही. प्रत्येक राज्यात पक्षाचे मतदार आधी आपसांत मतदान करून उमेदवार निवडतात, त्या मतदानाला प्रायमरी म्हणतात, आणि आयोवासारख्या राज्यात शाळेत किंवा चर्चमध्ये संध्याकाळी जमून हेच काम केले जाते, त्या सभेला कॉकस म्हणतात. या पहिल्या फेरीला येणारा मतदार सर्वसाधारण मतदारापेक्षा अधिक कट्टर असतो, तर नोव्हेंबरमधल्या खऱ्या निवडणुकीत गाठ पडते ती कुंपणावरच्या माणसाशी. त्यामुळे इच्छुकाला जानेवारीत एका घराचा आणि ऑक्टोबरात दुसऱ्या घराचा जावई व्हावे लागते, आणि दोन्ही घरी आपण मूळचे इथलेच असे सांगावे लागते.

त्यातही पहिला मान आयोवाचा, म्हणजे मक्याचा. इथेनॉल म्हटले की मराठी वाचकाला उसाची मळी आणि साखर कारखाना आठवतो. आयोवात ते मक्यापासून काढतात आणि सरकारी धोरणाने जपतात. बाजारात सरकारने ढवळाढवळ करू नये हे ज्यांचे ब्रीद, त्यांनाही आयोवाच्या शिवारात शिरल्यावर हे ब्रीद खिशात ठेवावेसे वाटते. जॉन मॅकेन यांनी २००० च्या मोहिमेत इथेनॉलच्या अनुदानाला विरोध करून आयोवाला वळसाच घातला होता. २००६ मध्ये पुन्हा इच्छुक झाल्यावर त्यांनी तिथे जाऊन इथेनॉल हा ऊर्जेचा महत्त्वाचा पर्याय असल्याचे सांगितले, अनुदानाला असलेला विरोध मात्र शाबूत ठेवला. गंमत अशी की २०१६ मध्ये टेड क्रूझ यांनी इथेनॉलच्या सक्तीला विरोध करूनही आयोवा जिंकले, ज्यावरून मतदाराला इच्छुक समजतात तेवढा मक्याचा लोभ नसावा असा निष्कर्ष काढता आला असता, पण तो काढायला कोणाला फुरसत झालेली दिसत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तर या साऱ्या आर्जवाचा वाटा क्वचितच मिळतो, कारण तिथली प्रायमरी बहुतेक वेळा जूनमध्ये, म्हणजे पंगत उठल्यावर येते.

पहिला लक्षात राहिलेला हात ३ मे २००७ चा. कॅलिफोर्नियातल्या रेगन ग्रंथालयात दहा इच्छुक उभे होते आणि उत्क्रांतीवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी हात वर करावा असे सांगण्यात आले, तेव्हा ब्राउनबॅक, हकबी आणि टँक्रेडो या तिघांचे हात वर गेले. त्या तिघांच्या जीवशास्त्राबद्दल काहीही म्हणता येईल, पण त्यांचा विश्वास होता तिथेच होता, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते कुचकामी ठरतात. उपयोगी ठरतात ते मॅकेन. त्यांनी उत्क्रांती मान्य असल्याचे एका शब्दात सांगितले आणि लगेच पुस्ती जोडली की, ग्रँड कॅन्यनमध्ये सूर्यास्त पाहताना तिथे ईश्वराचाही हात असल्याचे आपल्याला जाणवते. म्हणजे प्रश्न उमेदवाराच्या हाताचा असताना उत्तरात ईश्वराचा हात पुढे करण्यात आला. धर्मराजाला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना रणवाद्यांची मदत घ्यावी लागली होती, इथे सूर्यास्तावर भागले.

भूमिका बदलणे हे महापाप आहे, असा निवाडा खुद्द याच पक्षाने दिला होता, हे विसरून चालणार नाही. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांनी इराकसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या तरतुदीला आपण विरोधी मत देण्याआधी बाजूनेही मत दिले होते असे सांगितले, आणि रिपब्लिकनांनी त्यांना ‘फ्लिप-फ्लॉप’ ही पदवी दिली. या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ कोलांटउडी, दुसरा रबरी सपाता; त्यामुळे न्यूयॉर्कच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी सपाता उंचावून केरींची हुर्यो उडवली. त्या सपाता पुढे कोणाच्या पायात बसल्या, हे पाहायला फार काळ थांबावे लागले नाही.

मिट रॉम्नी हे या शास्त्राचे पाठ्यपुस्तकच म्हणावे लागेल. १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून टेड केनेडी यांच्याविरुद्ध सिनेटची निवडणूक लढवताना गर्भपात सुरक्षित आणि कायदेशीर असावा असे ते म्हणत होते, आणि रेगन-बुश यांच्या काळात आपण अपक्ष होतो हेही त्यांनी आवर्जून नोंदवले होते. २००५ पर्यंत, म्हणजे राष्ट्रीय उमेदवारीचे वेध लागेपर्यंत, ते गर्भपाताचे विरोधक झाले. २००६ मध्ये राज्यपाल या नात्याने त्यांनी आरोग्यविम्याचा कायदा केला, ज्यात प्रत्येक नागरिकाने विमा घेतलाच पाहिजे, न घेतल्यास दंड भरावा, अशी सक्ती होती; सहीच्या समारंभाला केनेडी स्वतः हजर होते. चार वर्षांनी बराक ओबामा यांनी तशीच सक्ती देशभर लागू केली तेव्हा ती स्वातंत्र्याचा संकोच ठरली, आणि मे २०११ मध्ये रॉम्नींना मिशिगन विद्यापीठात जाऊन सविस्तर सांगावे लागले की जे औषध एका राज्याला गुणकारी असते ते देशाला अपायकारक असू शकते. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी स्वतःला ‘अतितीव्र’ पुराणमतवादी म्हणवून घेतले. विचारसरणीला आजाराचे विशेषण लावणारा हा प्रयोग त्यांच्या मित्रांनाही खटकला.

त्यानंतरच्या महिन्यात त्यांच्या सल्लागाराने जे सांगितले, ते या सबंध व्यवहाराचे सर्वांत प्रामाणिक वर्णन आहे. प्रायमरीत इतके उजवीकडे सरकल्यावर नोव्हेंबरात अडचण होणार नाही का, असे विचारले असता, मोहीम नव्याने सुरू होते, ते जवळजवळ ‘एच-अ-स्केच’सारखे असते, हलवायचे आणि पुन्हा काढायचे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. एच-अ-स्केच ही मुलांची खेळण्यातली पाटी. तिच्या दोन बटणांनी पडद्यावर रेघा उमटतात आणि पाटी हलवली की पुसल्या जातात. ज्या भूमिका काळ्या दगडावरच्या रेघा म्हणून विकल्या जात होत्या, त्या नेमक्या कोणत्या पृष्ठभागावर ओढल्या आहेत, याची अशी अधिकृत वाच्यता क्वचितच होते, आणि सत्य बोलल्याबद्दल त्या सल्लागाराची यथेच्छ टिंगल झाली.

११ ऑगस्ट २०११ रोजी आयोवातल्या एम्स गावी आठही हात वर गेले. सरकारी खर्चात दहा डॉलरची कपात आणि त्या बदल्यात करात एका डॉलरची वाढ असा सौदा कोण नाकारेल, असा प्रश्न होता. दहाला एक हा भाव मंडईत मिळाला तर माणूस पिशवी आणायला घरी धावेल. पण करवाढीला कधीही हात लावणार नाही अशी लेखी प्रतिज्ञा पक्षातल्या बहुतेकांकडून ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांच्या संघटनेने आधीच घेतलेली असल्याने भाव विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्या ओळीत जॉन हंट्समन होते, ज्यांनी पुढे शर्यतीतून बाहेर पडल्यावर या हाताबद्दल खंत व्यक्त केली. त्याच ओळीत न्यूट गिंगरिच होते, ज्यांनी २००८ मध्ये डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पेलोसी यांच्याशेजारी कोचावर बसून हवामानबदलावर कृती करण्याचे आवाहन करणारी जाहिरात केली होती आणि जे त्याच वर्षी पुढे त्या कोचावर बसण्याला आपला अलीकडच्या काळातला सर्वांत मोठा मूर्खपणा म्हणत होते. मार्च २०११ मध्ये लिबियाबाबत तर त्यांनी ‘आज संध्याकाळीच’ विमानबंदी लागू करण्याची मागणी केली, आणि ओबामांनी कारवाई केल्यावर दोन-अडीच आठवड्यांच्या आत आपण हस्तक्षेप केला नसता असे सांगितले. तळ्यात-मळ्यात खेळणाऱ्या मुलालाही निदान दुसऱ्याच्या आरोळीची वाट पाहावी लागते.

टेक्सासचे राज्यपाल रिक पेरी थोडे उशिरा आले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये, आपण बंद करणार असलेल्या तीन केंद्रीय खात्यांपैकी तिसऱ्याचे नाव विसरून त्यांनी ‘उप्स’ म्हटले. ते खाते ऊर्जेचे होते. २०१५ मध्ये त्यांनी डॉनल्ड ट्रम्प यांना पुराणमतवादाला जडलेला कर्करोग म्हटले, आणि २०१७ मध्ये त्याच ट्रम्प यांच्या मंत्रिमंडळात त्याच ऊर्जा खात्याचे मंत्री झाले. खाते काय काम करते हे समजल्यावर ते बंद करण्याच्या सूचनेचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले. माणसाला एखादे नाव आठवत नसेल तर त्या नावाची पाटी दारावर लावून आत बसवावे, ही उपाययोजना शिक्षणशास्त्रातही सुचलेली नाही.

भूमिका बदलण्याचा शोध या पिढीने लावला असे म्हणणे अर्थातच अन्यायाचे होईल. पक्षाचे दैवत झालेले रॉनल्ड रेगन १९६२ पर्यंत डेमोक्रॅट होते आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे राज्यपाल म्हणून त्यांनीच गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. थोरले जॉर्ज बुश यांनी १९८० मध्ये रेगन यांच्या आर्थिक धोरणाला जादूटोणा ठरवले आणि त्याच वर्षी ते त्या मांत्रिकाचे सहउमेदवार झाले. याच बुश यांनी १९८८ मध्ये ‘माझे ओठ वाचा’ म्हणून नवे कर नाकारले आणि १९९० मध्ये तूट आवरण्यासाठी कर वाढवले. आतापर्यंतच्या यादीत राज्यकारभाराच्या निकडीतून झालेला बदल बहुधा हाच एक, आणि पक्षाने तो कधीच माफ केला नाही. १९९२ च्या पराभवाला मंदी आणि अपक्ष उमेदवार रॉस पेरो हेही कारण होते, तरी पक्षाच्या स्मरणात राहिले ते ओठच. सत्तेत असताना हिशेब जुळवण्यासाठी शब्द फिरवला तर तो विश्वासघात, आणि उमेदवारी मिळवण्यासाठी फिरवला तर ती वैचारिक वाटचाल, असा नियम तेव्हापासून पक्का झाला असावा.

६ ऑगस्ट २०१५ रोजी क्लीव्हलँडमध्ये दहा इच्छुकांना पहिलाच प्रश्न विचारण्यात आला: पक्षाच्या अंतिम उमेदवाराला पाठिंबा देण्याची आणि अपक्ष न लढण्याची हमी द्यायला कोण तयार नाही? एकच हात वर गेला, ट्रम्प यांचा. १९९९ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा आपण पूर्ण पुरस्कार करतो असे सांगणारे आणि २००१ ते २००९ या काळात डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेले हे गृहस्थ कोलांटउडीच्या आरोपाने घायाळ व्हायला हवे होते. पण सपाता फेकून मारायला समोरचा माणूस एका जागी उभा आहे असे निदान भासावे लागते. या हातानंतर प्रश्नपत्रिकाच बदलली. आधी इच्छुक मुद्द्यांवरून सरकत असत, आता ते एका माणसाभोवती सरकू लागले. मार्को रुबियो यांनी २०१३ मध्ये स्थलांतरितांना नागरिकत्वाची वाट देणारे विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत करून घेण्यात पुढाकार घेतला, मग त्याच्याकडे पाठ फिरवली, २०१६ मध्ये ट्रम्प यांना भामटा म्हटले आणि २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री झाले. २०१६ मध्ये ट्रम्प आपल्याला कदापि चालणार नाहीत म्हणणारे जे. डी. व्हान्स तर उपाध्यक्षच झाले. २०२० मध्ये पक्षाने नवा जाहीरनामाच काढला नाही आणि अध्यक्षांच्या कार्यक्रमाला पाठिंबा देणारा ठराव तेवढा केला. जाहीरनामा नसला की त्याच्याशी विसंगत बोलण्याचा धोकाही उरत नाही, हा त्यातला व्यवहारी भाग.

याच काळात, खेळण्यातली पाटी म्हणून हिणवले गेलेले रॉम्नी फेब्रुवारी २०२० मध्ये महाभियोगाच्या खटल्यात स्वपक्षाच्या अध्यक्षाला दोषी ठरवणारे मत देऊन मोकळे झाले, जे अमेरिकेच्या इतिहासात तोपर्यंत कोणत्याही सिनेटरने केले नव्हते. (त्याआधी २०१२ मध्ये ट्रम्प यांचा पाठिंबा स्वीकारणे, २०१६ च्या मार्चमध्ये त्यांना लबाड म्हणणे आणि नोव्हेंबरात परराष्ट्रमंत्रिपदाच्या आशेने त्यांच्यासोबत जेवणे, हेही त्यांनी केले होते, पाटी एकदम कोरी होत नाही.)

मागणी पूर्ण होणे ही या राजकारणातली सर्वांत मोठी आपत्ती असते, हे जून २०२२ मध्ये दिसले. गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा १९७३ चा ‘रो’ निकाल रद्द व्हावा ही जवळजवळ अर्धशतकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली आणि आता पुढे काय, या प्रश्नावर इच्छुकांचे हात मराठी अर्थाने वर जाऊ लागले. फ्लोरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणाऱ्या कायद्यावर एप्रिल २०२३ मध्ये सही केली ती रात्री उशिरा, बंद दाराआड. तो निकाल उलटवणारे न्यायमूर्ती नेमल्याचे श्रेय घेणाऱ्या ट्रम्प यांनी या कायद्याला भयंकर चूक म्हटले. ऑगस्ट २०२४ मध्ये फ्लोरिडात या प्रश्नावर होणार असलेल्या सार्वमताबाबत त्यांनी एका दिवशी सहा आठवडे फारच कमी असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी ती मुदत उठवू पाहणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध आपण मत देणार असल्याचे जाहीर केले.

शेवटचा हात २३ ऑगस्ट २०२३ चा, मिलवॉकीच्या फायसर्व्ह फोरममधला. ट्रम्प स्वतः आलेच नव्हते. न्यायालयात ते दोषी ठरले तरी पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा कोण देईल, असे उपस्थित आठ जणांना विचारण्यात आले. विवेक रामस्वामी यांचा हात तत्काळ उठला. डिसँटिस यांनी आधी आजूबाजूला पाहिले आणि मग उचलला. ख्रिस क्रिस्टी यांनी बोट वर करून नकारार्थी हलवले, एसा हचिन्सन यांनी हात खालीच ठेवला. उरलेले हात वर होते, आणि त्यांत माईक पेन्स यांचाही होता, ज्यांनी पुढच्या मार्चमध्ये आपली सदसद्विवेकबुद्धी ट्रम्प यांना पाठिंबा देऊ देत नाही असे सांगितले. निकी हेली यांचाही होता. ट्रम्प लढले तर आपण लढणार नाही असे २०२१ मध्ये सांगून २०२३ मध्ये त्या लढायला उतरल्या होत्या, आणि मार्च २०२४ मध्ये माघार घेताना त्यांनी पाठिंबा हातचा राखून ठेवला. मे अखेरीस न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ट्रम्प यांना खरोखरच दोषी ठरवले. जुलैमध्ये पक्षाचे अधिवेशन भरले ते मिलवॉकीच्या त्याच सभागृहात, आणि हेली व डिसँटिस एकाच रात्री व्यासपीठावर आले. कोणालाही हात वर करायला सांगण्यात आले नाही, कारण टाळ्यांसाठी ते खाली, छातीपाशी लागणार होते.