हातगुण

घरी जुळवलेला कॉम्प्युटर सरळ मरत नाही, हीच त्याची खोड. एकदाचा गेला असता तर चार दिवस हळहळून नवा आणला असता. पण हा सोमवारी सुरू होत नाही, मंगळवारी काही झालंच नाही अशा थाटात उठतो, बुधवारी ऐन कामात हँग होतो आणि गुरुवारी दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर इतक्या शहाणपणाने चालतो, की तिथला मुलगा त्याला सोडून आपल्यालाच निरखू लागतो. "काका, याला काहीच झालेलं नाही," असं तो म्हणतो. त्यातल्या 'याला'वर जरा जास्तच जोर असतो.

तयार कॉम्प्युटर बिघडला तर निदान चडफडायला एक कंपनी असते. जुळवलेल्याच्या नशिबी तेही नाही. रॅमवाला म्हणतो बोर्ड दाखवा, बोर्डवाला म्हणतो एसएमपीएस बघा, एसएमपीएसवाला म्हणतो घरचं अर्थिंग तपासा. आणि ज्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून पिशव्या भरभरून सामान आणलं आणि एका रविवारी हौसेने हे प्रकरण उभं केलं, तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "मामा, एकदा फॉरमॅट मारून बघू."

आमच्या कॉम्प्युटरची तक्रार जगावेगळी नाही. पंखा फिरतो, लाइट लागतो, पण डिस्प्ले येत नाही. कधी येतो, तर तासाभराने माऊसचा बाण जागीच थिजतो आणि गाणं लागलेलं असेल तर एकच सूर घर्रर्र करत अडकून बसतो. लक्षणं इतकी उघड असल्यावर उपाय सांगणाऱ्यांची वानवा कशी असेल?

भाच्याचा पहिला उपाय खोडरबर. कॅबिनेट आडवं पाडायचं, बाजूचा पत्रा काढायचा, रॅमच्या टोकाची खिट्टी बोटाने मागे सारून पट्टी उचलायची आणि तिच्या कडेचे सोनेरी दात कंपासपेटीतल्या खोडरबरने घासायचे. पट्टी डीडीआर-४ची असेल तर दोन्ही अंगांचे मिळून हे दात २८८. घासून झालं की एक फुंकर, मग पट्टी खाचेत ठेवून दोन्ही टोकांवर अंगठे दाबायचे. 'खट्' वाजलं की खिट्टी बसली. बटण दाबलं, डिस्प्ले आला! खोडरबरचा जयजयकार.

खरं पाहता त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनभरही जाड नसतो. रोज उठून घासावा असा तो नव्हेच. पट्टी खाचेतून निघताना आणि परत बसताना आतल्या स्प्रिंगच्या पात्या दातांवरून खरवडत जातात आणि मध्ये साचलेलं किटण त्यांनीच निघतं. म्हणजे खोडरबरला हात न लावता पट्टी नुसती काढून बसवली असती तरी बहुधा डिस्प्ले आला असता. पण नुसत्या काढण्या-बसवण्याला उपाय कोण म्हणणार? खोडरबर मारला की चुरा पडतो, मनगट दुखतं, काही केल्यासारखं वाटतं.

त्याचा दुसरा उपाय सेल. बोर्डावर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. वायर काढायची, सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायचा, परत बसवायचा. यानेही गुण येतो. मशीन चक्क दोन आठवडे हँग झालं नाही, फक्त घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसलं. सेलला श्रेय मिळालं. आत काय झालं होतं, तर भाच्याने हौसेने रॅमचा वेग वाढवून ठेवला होता. डब्यावर ३२०० छापलेली रॅम तशा वेगाने पळवायची तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. न सांगितल्यास ती २१३३ किंवा २६६६ने निमूट चालते. सेल काढला तेव्हा बोर्ड ती सगळी सेटिंगं विसरला, रॅम आपल्या मूळ चालीवर आली आणि फेस येणं थांबलं. सेल बिचारा ठणठणीत होता.

शेजारचे काका विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. ते कुठल्याही आजाराचं मूळ भिंतीत शोधतात. "अर्थिंग बघितलंस का?" म्हणत ते टेस्टर घेऊनच येतात. कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर टेकवला की आतला दिवा मंद पेटतो आणि काकांचा चेहरा लख्ख. यात ते चूक नाहीत. एसएमपीएसमधले गाळणीचे कपॅसिटर पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग तुटकं असलं तर पत्र्यावर निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह नाममात्र, पण बोटाला झिणझिण्या येतात. काकांनी कॉम्प्युटर स्वयंपाकघराजवळच्या तीन पिनांच्या सॉकेटला नेला. लागला! त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर कोणाचं पोट बिघडलं तरी काका आधी अर्थिंग विचारतात. तिथे नेताना मात्र वायर भिंतीतून काढावी लागली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कॉम्प्युटर बंद केला तरी वायर जोडलेली असेपर्यंत ५ व्होल्टची एक धार बोर्डाला मिळतच राहते आणि अर्धवट अडकलेला बोर्ड त्या धारेवर रात्रभर तसाच अडकून राहतो. वायर काढली, धार तुटली, बोर्ड भानावर आला.

आईची पद्धत सगळ्यांत साधी. ती सकाळी बटण दाबते, डिस्प्ले आला नाही तरी कुरकुरत नाही, देवाला दिवा लावायला जाते. पूजा आटोपून येते, बंद करून पुन्हा बटण दाबते. लागतो. घरात यावर वाद घालण्याची कोणाची छाती नाही आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत शास्त्रशुद्ध उपाय तिचाच आहे. बटण दाबल्यावर एसएमपीएस आधी आपले १२, ५ आणि ३.३ व्होल्ट जागेवर आलेत का ते पाहतो आणि साधारण एक दशांश ते अर्ध्या सेकंदात बोर्डाला 'चालेल' असा निरोप पाठवतो. तो येईपर्यंत प्रोसेसर ढिम्म हलत नाही. एसएमपीएस जुना झाला की त्यातले कपॅसिटर वाळत जातात. थंडीत त्यांना आपला भार पेलवत नाही, जरा ऊब मिळाली की पेलवतो. आईच्या पूजेला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्यांना ऊब मिळते. फुलं जास्त असली तर आणखी खात्रीने.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं यावर म्हणता आलं असतं. पण तेवढंच इथे पुरत नाही. इथे फांदी खरोखर कावळ्यामुळेच तुटते. तुटते ती त्याच्या वजनाने आणि श्रेय मिळतं त्याच्या काव-काव करण्याला. खोडरबर, सेल, अर्थिंग, पूजा, यांतला एकही उपाय खोटा नाही. प्रत्येकाने गुण दिला. फक्त ज्याच्यामुळे गुण आला ती गोष्ट उपायाच्या आडून, कोणाचं लक्ष नसताना घडून गेली. औषधापेक्षा औषध आणायला चालत जाण्यानेच पेशंट सुधारावा, तसं.

दुकानात नेल्यावर कॉम्प्युटर चालतो, त्याचंही उत्तर बहुधा यातच आहे. रिक्षात धक्के खाऊन सैल वायर बसते, वाटेत उरलीसुरली वीज उतरते, तिथला सॉकेट वेगळा, आपला जुना प्रिंटर घरी राहिलेला. दुकानदाराने पत्रा उघडायच्या आत अर्धे उपचार झालेले असतात. बाजारात त्याला हातगुण म्हणतात आणि त्याचे पैसे पडतात.

आजाऱ्यालाच विचारावं, तर तोही मदत करत नाही. १९८१च्या आयबीएम पीसीच्या काळात मशीन निदान शिट्टी वाजवून सांगत असे. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेच्या कार्डात गडबड. आता बऱ्याच कॅबिनेटबरोबर तो इवलासा स्पीकरही येत नाही. भाच्याने मोठ्या उत्साहाने विंडोजची नोंदवही उघडून दाखवली. तीत लाल खुणेने ४१ क्रमांकाची नोंद होती. तिचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. ते आम्ही सहकुटुंब डोळ्यांनी पाहिलं होतं.

कधीही बंद पडू नयेत असे कॉम्प्युटर बनवणाऱ्या टँडेम कंपनीत जिम ग्रे नावाचे गृहस्थ होते. पुढे १९९८चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. कॉम्प्युटर बंद का पडतात, या प्रश्नावर त्यांनी १९८५ साली एक निबंध लिहिला. त्यात सॉफ्टवेअरच्या १३२ बिघाडांची एक गोष्ट आहे. पुन्हा प्रयत्न केल्यावर त्यांतला एकच तसाच ठाम उभा राहिला, बाकीचे नाहीसे झाले. मशीन बंद पडण्याच्या कारणांत सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, मशीन सांभाळणाऱ्या माणसांचा होता, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं आहे. 'एकदा बंद करून चालू करा' असं सांगणाऱ्या दुकानातल्या मुलाला यापुढे कोणी हसू नये. भाच्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देताना मात्र ते ४२ टक्के आठवावेत.

खरं कारण शोधायचं तर रस्ता आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गुण आला की ती गोष्ट पुन्हा पहिल्यासारखी करून बिघाड परत येतो का ते बघायचं. परत आला तरच आरोपी पक्का. कारखान्यात हे चालतं. घरात ताप उतरलेल्या माणसाला, ताप कशाने आला होता ते कळावं म्हणून, पुन्हा पावसात उभं करायला कोण धजेल? चालणाऱ्या कॉम्प्युटरमधली रॅम काढून मुद्दाम किटण लावलेली परत बसवणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून घरात निदान होत नाही, रिवाज तयार होतात. आधी यूपीएस, मग स्क्रीन, मग बटण, मग दिवा.

सध्या आमचा कॉम्प्युटर चालतो आहे. भाचा म्हणतो रॅममुळे, काका म्हणतात अर्थिंगमुळे, आई नुसतं वर बोट दाखवते. मी तिघांनाही मनापासून दुजोरा देतो, कारण तिघांचीही पुन्हा गरज पडणार आहे. बाजूचा पत्रा अजून भिंतीला टेकून उभा आहे आणि त्याचे स्क्रू वाटीत आहेत. पत्रा लावला की आतली हवा थोडी तापेल, आणि बरा झालाय की नाही ते तेव्हाच कळेल. तिघांनाही आपापल्या उपायाची पुरती खात्री आहे. "मग लावायचा का पत्रा?" असं विचारलं, की तिघंही एका सुरात म्हणतात, "राहू दे की अजून दोन दिवस!"