घेतल्यानंतरचा भाव

घेतल्यावर भाव विचारू नये, असं आमच्या सासूबाईंचं सूत्र आहे. यात भोळेपणा अजिबात नाही. साडी घ्यायला त्या साताऱ्याहून पुण्याला येतात, लक्ष्मी रोडवरची दुकानं पालथी घालतात, दुकानदाराला घाम फोडतात आणि मगच पैसे मोजतात. पण एकदा पिशवी हातात आली की पुढच्या दुकानांवरून त्या समोर बघत चालू लागतात. काचेमागे तशीच साडी लावलेली असेल आणि तिच्यावर भावाची चिठ्ठी असेल, तर ती वाचायची नाही. वाचून साडीचा रंग बदलत नाही, रात्रीची झोप मात्र जाते.

त्यांची मुलगी न्यू जर्सीत राहते, माझ्याबरोबरच. तिचं सूत्र बरोबर उलटं आहे. विमानाचं तिकीट काढून झालं की माझ्या लेखी तो विषय मिटतो. तिचा तिथून सुरू होतो. सकाळी चहाचं आधण ठेवलं की फोन उघडायचा आणि आपण आधीच काढलेल्या तिकिटाचा आजचा भाव बघायचा. चढला असेल तर चहा गोड लागतो. उतरला असेल तर चहा तसाच राहतो, कारण मग काम निघतं.

ते काम दिसायला अगदी साधं आहे. समजा, नेवार्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं तिकीट ३१० डॉलरला काढलं. पंधरा दिवसांनी त्याच तारखेच्या त्याच विमानाचा भाव २४० दिसला. कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं आरक्षण उघडायचं, 'फ्लाइट बदला' वर बोट ठेवायचं आणि बदलून तीच फ्लाइट घ्यायची. संगणक अत्यंत गंभीरपणे जुनी फ्लाइट वर आणि नवी खाली मांडतो. दोन्हींचा क्रमांक एकच, वेळ एकच. खात्री आहे ना, असंही विचारतो. आपण हो म्हणायचं. सत्तर डॉलर आपल्या नावावर जमा होतात. आधी निवडलेली खिडकी तेवढी कधीकधी या गडबडीत हातची जाते, म्हणून बायको लगेच खुर्च्यांचा नकाशा तपासते. जायचं आणि यायचं तिकीटही ती वेगवेगळं काढते, म्हणजे दोन्हींवर स्वतंत्र नजर ठेवता येते.

नीट विचार केला तर या व्यवहारात दुःखाला जागाच नाही. भाव चढला तर आपण वाचलो. वरचा फरक मागायला कंपनी दारात येत नाही. उतरला तर आपण मिळवलं. तरीही भाव आठवडाभर जिथल्या तिथे राहिला की बायको अस्वस्थ होते. काहीतरी शिजतंय, असं तिला वाटत राहतं.

तिचा संशय अगदीच निराधार नाही. १९७८ पर्यंत अमेरिकेतल्या विमानभाड्यांवर सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाचा अंमल होता. मंडळाच्या मंजुरीशिवाय भाडं बदलता येत नसे, म्हणून कंपन्या एकमेकींशी जेवणात आणि सरबराईत स्पर्धा करत. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि भाडं मोकळं सुटलं. मग आमच्या नेवार्कलाच १९८१ मध्ये पीपल एक्स्प्रेस नावाची कंपनी सुरू झाली. भाडं अगदी कमी, पण सामानाचे आणि खाण्याचे पैसे वेगळे. विमान वर गेलं की कर्मचारी गाडी ढकलत मधल्या वाटेने येत आणि प्रवाशांकडून भाडं गोळा करत. एसटीने फिरलेल्या माणसाला यात काही नवल वाटू नये.

या स्वस्ताईला उत्तर कसं द्यायचं, हा मोठ्या कंपन्यांपुढचा पेच होता. सगळ्याच खुर्च्या स्वस्त केल्या तर दिवाळं. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष रॉबर्ट क्रँडल यांनी तोड काढली: ज्या खुर्च्या एरवी रिकाम्या जाणार आहेत, तेवढ्याच स्वस्त करायच्या. महिनाभर आधी ठरवून सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाला कमी भाडं, उद्या सकाळी बैठकीला पोचायचं असलेल्या साहेबाला पूर्ण. कुठल्या खुर्च्या रिकाम्या जातील, हे सांगायला संगणक होताच. पीपल एक्स्प्रेसकडे तसा संगणक नव्हता. १९८७ मध्ये ती कॉन्टिनेन्टलमध्ये विरून गेली.

या हिशेबाचं बीज त्याही आधीचं. ब्रिटनच्या बीओएसी कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये एक नियम मांडला. खुर्ची आत्ता स्वस्तात विकावी की शेवटच्या घटकेला येणाऱ्या महागड्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवावी? ते गिऱ्हाईक किती देईल आणि ते येण्याचा संभव किती, यांचा गुणाकार करायचा. आत्ताचे पैसे त्याहून जास्त असतील तरच विकायची. म्हणजे विमानातली प्रत्येक रिकामी खुर्ची अजून न आलेल्या कुणाची तरी वाट बघत असते. तो येणार अशी चिन्हं दिसली की भाव चढतो. तो काही येत नाही असं वाटू लागलं की स्वस्त तिकिटांचा बंद केलेला कप्पा पुन्हा उघडतो. आमच्या घरात रोज सकाळी ज्या घसरणीची वाट बघितली जाते ती हीच: कंपनीच्या यंत्राचा एका अनोळखी साहेबाबाबतीत झालेला अपेक्षाभंग.

हे कळल्यावर मला बायकोचं म्हणणं पटू लागलं. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार साडी विकली की ती विसरतो. इथे दुकानदारच विमानाचं दार बंद होईपर्यंत भावात हात घालत बसलेला असतो. मग गिऱ्हाइकाने तरी विषय का मिटवावा?

अर्थात नुसतं पटून भागत नाही, परवडावंही लागतं. २०२० पर्यंत मोठ्या कंपन्या देशातल्या देशात तिकीट बदलायलाही २०० डॉलरपर्यंत फी घेत. सत्तर वाचवायला दोनशे भरणारा माणूस आमच्या नात्यात नाही. डॅलसची साउथवेस्ट तेवढी अशी फी घेत नसे. मग करोना आला, विमानं ओस पडली आणि ऑगस्ट २०२० च्या शेवटी युनायटेडने देशांतर्गत प्रवासावरची ही फी कायमची रद्द केली. डेल्टा आणि अमेरिकन दुसऱ्याच दिवशी मागोमाग आल्या. सवलतीतून वगळलं ते सगळ्यात स्वस्त, 'बेसिक इकॉनॉमी' तिकीट. ते सहसा बदलता येत नाही. म्हणजे पुढे भाव उतरल्यावर वाचवण्याचा हक्क हवा असेल, तर आधी थोडं महाग तिकीट घ्यायचं. काटकसरीलाही भांडवल लागतं, हे मला या निमित्ताने समजलं.

शिवाय सरकारी कृपेचा एक दिवस असतो. प्रवासाला निदान सात दिवस असतील आणि तिकीट थेट कंपनीकडून घेतलं असेल, तर काढल्यापासून २४ तासांत ते रद्द करून सगळे पैसे परत मिळवण्याची मुभा द्यावी, नाहीतर पैसे न घेता तेवढा वेळ भाव राखून ठेवावा, असा अमेरिकी वाहतूक खात्याचा नियम आहे. त्यामुळे आमच्याकडे तिकीट काढल्याच्या पहिल्या दिवशी कुणी आनंद व्यक्त करत नाही. कुणाला कळवत नाही. बॅगेकडे तर बघतही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बायको सुस्कारा सोडते आणि मग आपण खरोखर जाणार आहोत असं धरून चालायला हरकत नसते.

त्या २४ तासांत मिळतात ते खरे पैसे. नंतर मिळतं ते क्रेडिट, आणि हा प्रकार सासूबाईंना समजावताना आम्हा दोघांची दमछाक झाली. गेल्या खेपेला त्या आल्या होत्या तेव्हा सकाळचा फोन त्यांच्या नजरेला पडला.

"अगं, तिकीट काढून महिना झाला ना? आता काय बघतेस?"

"भाव, आई."

"का? आपण जात नाही आहोत का?"

"जातोय की."

"मग दुसऱ्या विमानाने?"

"नाही, त्याच."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही काहीच बोलत नाही?"

मी पेपर वर धरला. तेवढ्यात भाव चाळीस डॉलरनी उतरलेला निघाला आणि लेकीने आईच्या देखत ती करामत करून दाखवली. सासूबाईंनी कौतुक केलं. मग विचारलं, "दाखव बरं पैसे."

"पैसे नाहीत गं. क्रेडिट मिळालं. पुढच्या तिकिटात वापरायचं."

"म्हणजे आहेत त्यांच्याकडेच?"

"आहेत त्यांच्याकडे, पण आपले आहेत."

"आमचा साडीवालाही हेच सांगतो," सासूबाई म्हणाल्या. "पैसे परत नाहीत, त्याबदली काही घेऊन जा. घरात परकरांची चळत लागलीय."

यावर मुलीला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण आमची चळत निराळी असली तरी आहे. क्रेडिटवर व्याज मिळत नाही. त्याने दूध आणता येत नाही. त्याला बहुतेक ठिकाणी मुदत असते, आणि ती पुष्कळदा मूळ तिकीट काढलं त्या दिवसापासून मोजतात. मे २०२५ च्या अखेरीपासून साउथवेस्टनेही नव्या तिकिटांवरच्या क्रेडिटला पुन्हा मुदत घातली. ते वाया जाऊ नये म्हणून विमानात बसावंच लागतं, आणि चाळीस-सत्तर डॉलरमध्ये कुठलंच विमान फार लांब नेत नाही. वर भर घालावी लागते, तिथे राहावं लागतं, खावं लागतं. शिकागोत आमचं कुणी नव्हतं. क्रेडिट संपवायला म्हणून गेलो, ओळखी झाल्या, आणि आता तिथल्या लोकांच्या मुंजी-बारशांना जावं लागतं. तीही तिकिटं आम्ही वेळेवर काढतो आणि त्यांचेही भाव उतरतात. बचतीपायी एवढा देश बघितलेलं कुटुंब आमच्या ओळखीत दुसरं नाही.

पैशांपुरता हिशेब केला तर बायको बरोबर आहे, यात वाद नाही. पण प्रत्येक घसरण दोन बातम्या एकदम आणते. चाळीस डॉलर मिळाले ही एक. आणि कालपर्यंत आपण चाळीस जास्त मोजून बसलो होतो ही दुसरी. पहिली बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते. दुसरी रात्री अकराला पुन्हा फोन उघडायला लावते, कारण आज उतरलेला भाव उद्या आणखी उतरणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही. महागाईला निदान आपला खिसा कुठेतरी अडवतो. स्वस्ताईला तळ नसतो. सासूबाई पुढच्या दुकानाकडे बघत नाहीत ते अंगावरची साडी सुखाने नेसता यावी म्हणून, आणि त्या सुखाची किंमत त्यांनी कधीतरी मनाशी मांडलेली असणार. ती सत्तर डॉलरपेक्षा जास्तच आली असेल.

पुष्कळ विचाराअंती मी या दोन सूत्रांत तडजोड काढली आहे. घरात भाव बघणारं एक माणूस असावं आणि न विचारणारं एक. दोघंही बघणारी असली तर घराचा शेअर बाजार होतो. दोघंही न विचारणारी असली तर कंपनीची चंगळ होते. आमच्याकडे पहिलं पद आधीच भरलेलं होतं. दुसरं मी स्वीकारलं, आणि त्यात मला चांगली गती आहे.

या पदाचा खरा उपयोग कळला तो जून २०२४ मध्ये. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन कॅलिफोर्नियात, सॅन होजेला होतं. देशाच्या कानाकोपऱ्यातून मराठी माणसं आली होती, आणि एकाच गावी इतक्या ठिकाणांहून माणसं आली की जेवणाच्या रांगेत नाटकावर बोलणं होत नाही. "तुम्हाला कितीला पडलं?" ही चौकशी ताटं हातात यायच्या आधीच सुरू झाली. एकाने आकडा सांगितला. दुसऱ्याने त्याहून वीस कमी सांगितला. तिसऱ्याने शांतपणे "आम्ही पॉइंट्सवर आलो" म्हणून दोघांनाही गप्प केलं. क्रेडिट कार्डाची वर्षाची फी किती भरता, हे त्यांना कुणी विचारलं नाही. रांगेत तेवढी सभ्यता होती. आमच्या पुढचे गृहस्थ माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचा आकडा तयार असावा, आणि तो माझ्या कुठल्याही आकड्याहून कमीच निघणार होता.

"तुमचं कितीला?"

"मला खरंच ठाऊक नाही," मी म्हणालो. "ही बघते."

ते क्षणभर थबकले. ठाऊक नसलेल्या आकड्याहून कमी आकडा सांगता येत नाही. मग त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं आणि तिलाही तेच विचारलं.

"आत्ताच कसं सांगू?" ती फोन पर्समध्ये ठेवत म्हणाली. "परतीचं विमान परवा आहे."