आधी हलू द्या

गळीत हंगामात बारामतीहून इंदापूरला निघताना मी घड्याळ घरीच ठेवतो. काटेवाडी मागं पडली, भवानीनगर आलं की स्कूटरपुढं उसाची डबल ट्रॉली येतेच. ओलांडायला जावं तर समोरून दुसरी येते; ती रिकामी, त्यामुळं भलत्याच घाईत. मग मागं राहून पदार्थविज्ञान शिकावं लागतं.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे शाळेत सरांनी टेबलावरचं डस्टर ढकलून दाखवलं होतं. डस्टर लगेच सरकलं. त्यात वीस टन ऊस नव्हता.

खरा प्रयोग गतिरोधकापाशी. ट्रॅक्टर थांबतो, पहिला गिअर पडतो, आणि मागच्या ओझ्याच्या ओढीनं पुढची चाकं जमीन सोडू बघतात. अशा वेळी पुढं बसायला कुणीतरी वजनदार माणूस लागतो. ज्या देहापायी घरी बोलणी खावी लागतात, त्याला इथं मान असतो.

"दादा, जरा साइड द्या की!"

"देतो की. आधी हलू तर द्या!"

ट्रॉलीच्या हुकातली पिन जरा सैल असते. आधी ट्रॅक्टर हलतो, मग पहिली ट्रॉली 'खाड्' म्हणते, मग दुसरी. उसाचं बिल हप्त्यानं येतं, तसं हे ओझंही हप्त्यानंच हलतं. एकदा हललं, की त्वरण कायम राहिल्यास पहिल्या सेकंदाला एक हात, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच, चौथ्याला सात. हा हिशेब गॅलिलिओनं उतरत्या फळीवर गोळे सोडून मांडला. त्या फळीवर गतिरोधक नव्हता. आमच्याकडं सोळा हात झाले न झाले, तोच पुढचा येतो आणि पुन्हा शून्य.

पुढं बेलवाडी. आषाढात इथंच तुकोबांच्या पालखीच्या गोल रिंगणात अश्व बघता बघता वेग घेतो. वजन बेताचं, ओढ दांडगी!

मग जंक्शन. नाव जंक्शन, रेल्वेचा पत्ता नाही. इथून वालचंदनगरला वळता येतं. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या त्या गावानं 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन उडालेल्या रॉकेटच्या बूस्टरचेही भाग बनवले; व्यास 3.2 मीटर. सुमारे 640 टनांचं ते धूड जागचं हललं, तेही सरळ वर. आणि आमच्या ट्रॉलीला सपाट रस्त्यावर धाप लागते! अर्थात ते बूस्टरचे भागसुद्धा गावाबाहेर पडताना कुठल्यातरी ट्रेलरच्या पहिल्या गिअरमध्येच कण्हत हलले असणार.

रॉकेटची एक सोय मात्र हेवा वाटावी अशी. इंधन जळत जातं, वजन घटतं, म्हणून जोर तेवढाच राहिला तरी त्वरण वाढत जातं. आमच्या रस्त्यावर ही सोय शाळा सुटलेली पोरं करतात. ट्रॉली हळू झाली की मागून पळत येऊन ऊस उपसतात. ड्रायव्हर आरशात बघून त्यांच्या सात पिढ्या काढतो. त्याचंही बरोबर आहे; कारखान्याच्या काट्यावर टनेज बघतात, त्वरण कुणी विचारत नाही.